जंतूंच्या भिंतीवरील प्रथिने : ती बाहेर कशी जातात, कशी टिकतात आणि कशी झडतात

दुभत्या गाईची कास दिवसातून दोन वेळा पिळून रिकामी केली जाते. सडाच्या वाटेने आत शिरलेले रोगजंतू या दुधाबरोबर वाहून जावयास हवेत, आणि पुष्कळसे जातातही. तथापि कासदाहाचे, म्हणजे ज्याला खेड्यांतून दगडी म्हणतात त्या रोगाचे, काही जंतू धारेला दाद देत नाहीत. ते कासेच्या आतील अस्तराला धरून राहतात आणि तेथेच वाढतात. मग एके दिवशी कास सुजलेली, गरम व दगडासारखी घट्ट लागते, दुधात गुठळ्या येतात, आणि उपचारास उशीर झाला तर तो सड कायमचा बंद पडतो. चारांपैकी एक सड गेला म्हणजे गाईची किंमत किती उतरते, हे बाजारात जनावर नेणाऱ्यास सांगावयास नको.

जंतूला हात नाहीत की तोंड नाही. अस्तराला चिकटणे, अन्न फोडणे, जनावराच्या शरीरातील प्रतिकारशक्तीला चकविणे ही सारी कामे त्याच्या भिंतीवर बसविलेली प्रथिने करतात. दुधाचे दही करणाऱ्या उपकारक जंतूचेही जीवन अशाच एका प्रथिनावर अवलंबून असते. ही प्रथिने तयार होतात जंतूच्या पोटात आणि काम करतात भिंतीवर. ती आतून बाहेर कशी जातात, बाहेर गेल्यावर कशी टिकतात आणि काम संपल्यावर त्यांचे काय होते, याचा उलगडा बऱ्याच अंशी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत झाला आहे.

भिंतीची रचना

कासदाह करणाऱ्या जंतूंपैकी एक प्रमुख जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो गोल असून त्याचा व्यास सुमारे एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका भरतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पुंजके द्राक्षाच्या घडासारखे दिसतात व त्याचे नावही त्यावरूनच पडले आहे. त्याच्या पोटातील द्रव इतका दाट असतो की बाहेरचे पाणी सतत आत ओढले जाते आणि आतील दाब सुमारे २० वातावरणांपर्यंत चढतो. मालमोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दुपटीहून हा अधिक आहे. पेशीचा पातळ पडदा एवढा दाब एकटा सोसू शकत नाही. त्याला बाहेरून आवळून धरणारी भिंत असते म्हणूनच जंतू फुटत नाही.

कोकणात व मावळात कारवीच्या काठ्या विणून कुडाची भिंत उभी करतात. जंतूची भिंत पुष्कळशी तशीच असते. शर्करांच्या लांब साखळ्या या तिच्या काठ्या, आणि ॲमिनो आम्लांचे आखूड तुकडे त्या काठ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या गाठी. या विणीला पेप्टिडोग्लायकन असे नाव आहे. पेनिसिलिन जंतूला मारते ते याच गाठी बांधू न देता. भिंत विसविशीत होते व आतील दाबाने जंतू फुटतो. ज्या जंतूंची भिंत अशी जाड असते ते, डेन्मार्कचे वैद्य हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने रंगविले असता, जांभळा रंग धरून ठेवतात. पुढील विवेचन केवळ अशा जाड भिंतीच्या जंतूंचे आहे.

ही भिंत एकदा बांधून झाली की संपली, असे मात्र नाही. जंतू वाढतो तशी ती सतत नवी होत असते. बॅसिलस सब्टिलिस हा वाळलेल्या गवतावर व मातीत सर्वत्र आढळणारा काडीसारखा जंतू घेतला, तर त्याच्या भिंतीचा नवा थर आतून, पडद्याला लागून, घातला जातो. जुना थर हळूहळू बाहेर सरकतो व शेवटी सुटून पडतो. पेरूच्या खोडाची साल बाहेरून निघत जाते आणि आत नवी तयार असते, तसाच हा प्रकार होय. अशा सतत सरकणाऱ्या भिंतीवर प्रथिने बसवावयाची व ती योग्य वेळेपर्यंत टिकवावयाची, ही जंतूपुढील खरी अडचण असते.

दारातून बाहेर

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची एक लांब माळ. ही माळ विशिष्ट रीतीने दुमडली जाऊन तिची घडी बसली म्हणजेच तिला काम करता येते. परंतु पडद्यातील दार इतके अरुंद असते की घडी बसलेले प्रथिन त्यातून जात नाही. तेव्हा बाहेर जावयाच्या बहुतेक प्रथिनांना सुटी, न दुमडलेली माळ म्हणूनच सुईत दोरा ओवावा तसे ओवावे लागते. घडी बसलेली प्रथिने नेणारे दुसरे दारही काही जंतूंत असते, पण त्यातून जाणारी प्रथिने थोडी.

कोणते प्रथिन बाहेर जावयाचे हे दाराला कसे कळते? अशा प्रथिनाच्या आरंभी सुमारे २० ते ४० ॲमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. बैलाला वेसणीने धरून न्यावे तसे प्रथिनाला या तुकड्याने दारापर्यंत आणले जाते. प्रथिने आपला पत्ता स्वतःबरोबरच वागवितात, हा शोध प्रथम प्राण्यांच्या पेशींमध्ये लागला व त्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूंमध्ये दाराच्या आतील अंगास सेक-ए नावाचे प्रथिन उभे असते. ते पेशीतील शक्ती खर्च करून माळेला थोडे थोडे बाहेर रेटते. माळ पलीकडे पोचू लागली की दाराबाहेरील एक कात्रीसारखे वितंचक, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, तो आरंभीचा तुकडा कापून टाकते. वेसण सुटली की प्रथिन मोकळे होते.

याच दारातून जंतू आपली शस्त्रेही बाहेर काढतो. पेनिसिलिनचा नाश करणारे पेनिसिलिनेज हे वितंचक अशा रीतीनेच बाहेर पडते. कासदाहावर पूर्वी हमखास लागू पडणारे पेनिसिलिन आज पुष्कळदा निरुपयोगी ठरते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

घडी बसणे

पडद्याच्या बाहेर येताच प्रथिनाची कसोटी लागते. भिंतीत प्रथिने तोडणारी वितंचके वावरत असतात. ज्याची घडी लवकर व नीट बसली ते त्यांच्या तावडीतून सुटते, कारण त्याचे नाजूक सांधे घडीच्या आत झाकले जातात. ज्याची घडी बसण्यास वेळ लागला ते उघडे सापडते आणि त्याचे तुकडे होतात. म्हणजे येथे टिकणे व तुटणे ही दोन वेगळी प्रकरणे नसून एकाच शर्यतीचे दोन निकाल आहेत.

या शर्यतीत प्रथिनाला मदत करण्यासाठी पडद्याच्या बाहेरील अंगास एक मदतनीस प्रथिन बसविलेले असते. त्याचे उत्तम उदाहरण दह्यात सापडते. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा दही व चीज यांच्या विरजणातील एक महत्त्वाचा जंतू. दुधात त्याला साखर भरपूर मिळते, परंतु वाढीसाठी लागणारी सुटी ॲमिनो आम्ले फार थोडी असतात. ती त्याला दुधातील केसीन फोडूनच मिळवावी लागतात. त्यासाठी तो आपल्या भिंतीवर एक मोठे प्रथिनभंजक वितंचक बसवितो. १९८९ साली हॉलंडमधील संशोधकांनी दाखविले की, या वितंचकाच्या शेजारी एक लहानसे मदतनीस प्रथिन नसेल तर वितंचक तयार होऊन बाहेर येते, भिंतीवर बसतेही, पण केसीनला हात लावीत नाही. त्याची घडीच बसलेली नसते. असाच मदतनीस गवतावरील बॅसिलस जंतूतही सापडला. फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी १९९३ साली त्याचे प्रमाण वाढविले तेव्हा जंतूने बाहेर टाकलेले स्टार्च फोडणारे वितंचकही वाढले. कारखान्यांतून वितंचके तयार करणाऱ्यांना या शोधाचे महत्त्व तत्काळ पटले.

दुसरी मदत कॅल्शियमची. भिंतीतील काही लांब आम्लयुक्त साखळ्यांवर ऋण विद्युत्भार असतो व त्या कॅल्शियमचे कण धरून ठेवतात. कित्येक प्रथिनांची घडी या कणांच्या आधाराने पक्की होते. दह्याच्या जंतूचे वितंचक तर कॅल्शियमवाचून टिकतच नाही. असे जंतू कॅल्शियमरहित पाण्यात पुन्हा पुन्हा धुतले असता वितंचकाची घडी सैल पडते, आणि ते स्वतःलाच तोडून भिंतीवरून सुटून जाते. दूध हे त्या दृष्टीने या जंतूचे आदर्श वसतिस्थान म्हणावे लागेल, कारण गाईच्या एक लिटर दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम असते.

एवढे करूनही काही प्रथिनांची घडी चुकते. चुकीची प्रथिने दाराशी साचली तर भिंतीचे कामच अडेल. बॅसिलस जंतूत यावर पहारा असतो. पडद्यात बसविलेले एक प्रथिन बाहेरील गोंधळ ओळखते व आत वर्दी देते. त्याबरोबर घडी सुधारणारी आणि न सुधारण्याजोगी प्रथिने तोडणारी अशी जादा कुमक तयार होऊन बाहेर येते. परक्या प्राण्यांची वा वनस्पतींची प्रथिने या जंतूकडून करवून घेऊ पाहणाऱ्या कारखानदारांची गाठ प्रथम या पहाऱ्याशीच पडते. म्हणून २००२ साली अशा आठ प्रथिनभंजक वितंचकांना मुकलेला एक वाण मुद्दाम तयार करण्यात आला.

खुंटी ठोकणे

घडी बसलेले प्रथिन भिंतीवर रोवले गेले नाही तर ते बाहेर वाहून जाईल. काही प्रथिने भिंतीला केवळ चिकटून राहतात. त्यांच्या अंगावर भिंतीच्या विणीत अडकणारे आकडे असतात. कासदाहाच्या जंतूची महत्त्वाची प्रथिने मात्र कायमच्या सांध्याने जोडलेली असतात. ही जोडणी अमेरिकेतील ओलाफ श्नीविंड व त्यांचे सहकारी यांनी उलगडली. अशा प्रत्येक प्रथिनाच्या शेवटी पाच ॲमिनो आम्लांची एक ठराविक खूण असते. १९९९ साली या संशोधकांना सॉर्टेज हे वितंचक सापडले. ते ही खूण ओळखते, चौथ्या व पाचव्या आम्लांमध्ये प्रथिन कापते आणि कापलेले टोक भिंतीच्या बांधकामासाठी निघालेल्या नव्या तुकड्याला जोडून देते. पुढे तो तुकडा भिंतीत विणला गेला की त्याच्याबरोबर प्रथिनही विणले जाते. दावणीची खुंटी भिंत उभी राहिल्यावर न ठोकता भिंत बांधतानाच आत चिणावी, तशातला हा प्रकार आहे. दह्याच्या जंतूचे वितंचकही अशाच रीतीने जोडलेले असते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या भिंतीवर अशी सुमारे २० निरनिराळी प्रथिने असतात. त्यांपैकी काही जनावराच्या ऊतींतील फायब्रोनेक्टिन या पदार्थाला घट्ट धरतात, आणि धार काढूनही जंतू न हलण्याचे एक कारण हेच होय. प्रथिन-ए या नावाचे एक प्रथिन तर विशेष लबाड आहे. जनावराच्या रक्तातील प्रतिपिंडे जंतूला एका टोकाने पकडतात व दुसरे टोक मोकळे ठेवून त्याद्वारे पांढऱ्या पेशींना बोलावितात. १९६६ साली फोर्सग्रेन व स्योक्विस्ट या स्वीडिश शास्त्रज्ञांनी दाखविले की प्रथिन-ए हे प्रतिपिंडाला नेमके त्या मोकळ्या टोकाने धरते. प्रतिपिंड उलटे टांगले जाते आणि पांढऱ्या पेशींना बोलावणारे टोकच झाकले जाते.

सॉर्टेज नसलेला जंतू प्रयोगशाळेत नीट वाढतो, परंतु २००० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्याची रोग करण्याची शक्ती बरीच घटलेली आढळली. जंतूला न मारता त्याच्या खुंट्याच बसू द्यावयाच्या नाहीत, अशी औषधे शोधण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. विचार नामी आहे. परंतु कासदाहावर दवाखान्यात मिळणाऱ्या औषधांत त्यांची अद्याप भर पडलेली नाही, हे लक्षात ठेवून उपचार चालू औषधांनीच करावयास हवा.

झडणे व सोडणे

भिंतीवरील प्रथिने तुटतात हे केवळ झीज म्हणून नव्हे. पुष्कळदा जंतूच ती ठरवून तोडतो. बॅसिलस जंतूची पेशी दुभागली की दोन पिल्लांमधील भिंत कापणारी वितंचके सांध्याशी येऊन बसतात. ती नसतील तर पेशी सुट्या न होता लांबच लांब माळेसारख्या जोडलेल्या राहतात. आणि तीच वितंचके सबंध भिंतीवर पसरली तर मात्र भिंतच खाऊन टाकतील. म्हणून भिंतीतच वावरणारे एक प्रथिनभंजक वितंचक त्यांना सांध्याखेरीज अन्यत्र टिकू देत नाही. कात्री जेथे हवी तेथेच ठेवावयाची व अन्यत्र दिसली की मोडावयाची, असा हा नियम आहे.

कासदाहाच्या जंतूत सोडण्याची क्रिया अधिक घातक ठरते. आरंभी जंतू थोडे असताना भिंतीवर धरून ठेवणारी प्रथिने भरपूर असतात. संख्या वाढली की जंतूंनी बाहेर टाकलेला एक लहान संदेशपदार्थ साचतो व त्यावरून त्यांना गर्दी झाल्याचे कळते. मग धरणारी प्रथिने कमी बनू लागतात. विषे व प्रथिनभंजक वितंचके अधिक बनू लागतात. ही वितंचके भिंतीवरील जुनी प्रथिनेही छाटतात. गोठलेल्या रक्तातील तंतूंना धरणारे एक प्रथिन जंतूच्याच ऑरिओलायसिन या वितंचकाने कापले जाते, हे २००१ साली दिसून आले. पकड सुटलेला जंतू मग नव्या जागी जावयास मोकळा होतो. आधी चिकटणे आणि नंतर सुटून पसरणे, या दोन्ही गोष्टी त्याला साधतात त्या प्रथिने रोवण्याच्या व छाटण्याच्या या व्यवस्थेमुळे.

भिंतीचा जुना थर झडतो तेव्हा त्याला जोडलेली प्रथिनेही गळतात. परंतु तीही निरुपद्रवी नसतात. २०१४ साली असे दाखविण्यात आले की सुटून आलेल्या प्रथिन-ए ला भिंतीचे लहान तुकडे चिकटलेलेच असतात. हे सुटे प्रथिन प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींनाच भलत्या कामास लावते. एकदा कासदाह होऊन गेलेल्या जनावरास त्याच जंतूपासून पुढे भरवशाचे संरक्षण का मिळत नाही, हे समजण्यास यावरून काही मदत होते.

गोठ्यातील व्यवहार

स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुख्यतः धार काढतानाच एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो. हात, पुसण्याचे फडके आणि यंत्राची नळी ही त्याची वाहने होत. तेव्हा निरोगी जनावरांची धार आधी व रोगी जनावराची शेवटी काढावी. प्रत्येक जनावरास वेगळे, धुतलेले फडके वापरावे. अंगठा दुमडून सड ओढण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. तिने सडाच्या आतील अस्तराला इजा होते, आणि इजा झालेल्या जागी फायब्रोनेक्टिन उघडे पडून जंतूला धरावयास आयतीच जागा मिळते. धार मुठीने काढावी. धार संपताच प्रत्येक सड आयोडीनयुक्त औषधात बुडवावा, कारण त्या वेळी सडाचे तोंड काही काळ उघडे असते. वैरण टाकून जनावर थोडा वेळ उभे ठेवले तर ते लगेच घाणीत बसत नाही.

सूज दिसत नाही म्हणून रोग नाही, असे समजू नये. या जंतूचा कासदाह पुष्कळदा छुपा असतो व केवळ दूध घटल्याने जाणवतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेली कॅलिफोर्निया कासदाह चाचणी अशा वेळी फार उपयोगी पडते. चार खळग्यांच्या तबकडीत प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन त्यात तितकेच औषध मिसळावे व तबकडी गोल फिरवावी. दूध चिकट, लोळ्यासारखे झाले तर त्या सडात दोष आहे असे समजून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. औषध पशुवैद्याने ठरवावे. सूज उतरली म्हणून ते मध्येच थांबविणे हा सर्वांत महाग पडणारा शहाणपणा होय. कासेच्या खोल भागात दडलेले जंतू तेवढ्याने मरत नाहीत आणि गाय पुन्हा पुन्हा आजारी पडते. गाय आटविताना सडात भरावयाच्या औषधाचाही विचार पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा.

रोगी सडाचे दूध उकळून घरात वापरावे, असा एक समज आहे. तो घातक आहे. भिंतीवर न रोवता बाहेर सोडून दिलेल्या प्रथिनांत या जंतूची काही विषे असतात व त्यांची घडी इतकी पक्की असते की उकळण्याने जंतू मेला तरी विष शिल्लक राहते. दूध काही तास कोमट राहिले असेल तर हे विष तयार होण्यास वाव मिळतो, आणि असे दूध पिणाऱ्यास बहुधा एक ते सहा तासांत उलट्या व पोटात कळा सुरू होतात. निरोगी जनावराचे दूधही म्हणूनच धार काढताच लवकर थंड करावे.

सडात औषध भरल्यानंतर वेष्टनावर जितके दिवस दूध न वापरण्याविषयी लिहिलेले असेल तितके दिवस ते विकू नये व घरीही ठेवू नये. उकळण्याने हे औषधही बहुतांशी जात नाही. असे दूध संघाच्या टाकीत गेले तर पेनिसिलिनचा अंश विरजणातील जंतूंच्या भिंतीलाही तसाच बाधतो. त्यांच्या भिंतीतील गाठी बसत नाहीत, जंतू वाढत नाहीत आणि दही लागत नाही.